कितींपैकी किती? रोगांच्या आकड्यांबद्दल मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धाराशिव, बीड आणि लातूर जिल्ह्यांत घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणांचे आकडे तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. आशाताईंच्या बैठकीत, कॉलेजात, ग्रामसभेत जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

आजार बरा करणं डॉक्टरांचं काम. त्यात संख्याशास्त्राचा काय संबंध?

डॉक्टरांसमोर एक रुग्ण असतो. त्याला काय झालंय ते तपासून कळतं. पण हा आजार आपल्याच गावात का आला, कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, औषधानं गुण आला की माणूस तसाही बरा होणार होता, हे एका रुग्णाकडे बघून कळत नाही. त्यासाठी आजारी माणसांबरोबर धडधाकट माणसंही मोजावी लागतात. दवाखान्यात धडधाकट माणूस येत नाही, त्याला गाठायला गावात जावं लागतं.

१८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ होती. जॉन स्नो या डॉक्टरने कोणत्या घरात कोणत्या कंपनीचं पाणी येतं, ते दारोदार जाऊन विचारलं. एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. एक कंपनी शहराचं सांडपाणी जिथे मिसळतं तिथूनच थेम्स नदीचं पाणी उचलायची. दुसरीने आपला उपसा वरच्या अंगाला नेला होता. पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू झाले, दुसरीच्या दर १०,००० घरांमागे ३७. रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू वेगळा करून दाखवला तो यानंतर जवळपास तीस वर्षांनी. जंतू हाती लागण्याआधीच पाण्यावर बोट ठेवता आलं, कारण स्नो फक्त मेलेले मोजून थांबला नाही, घरंही मोजली.

आपल्याकडे बोअर, आड, टँकर आणि नळयोजना एकाच गावात असतात. जुलाब-उलट्यांची साथ आली की पहिला प्रश्न हाच: कोण कुठलं पाणी पितं?

पेपरात नुसती संख्या असते, "इतके रुग्ण आढळले". त्यावरून काय समजायचं?

फारसं काही समजत नाही. कोणताही आकडा वाचला की मी आधी विचारते: कितींपैकी किती? शाळेतल्या भागाकारात वर अंश आणि खाली छेद असतो. बातमीत बहुतेक वेळा वरचाच आकडा छापतात. ४० रुग्ण ४०० वस्तीच्या तांड्यात असतील तर घरटी हाहाकार आहे, लातूर शहरात असतील तर गोष्ट वेगळी.

मराठवाड्यात तर हा खालचा आकडा स्थिरच नसतो. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी लेकराबाळांसह साखर कारखान्याच्या वाटेला लागतात, ती थेट पाडव्याच्या आसपास परततात. बालाघाटच्या डोंगरातल्या एका वाडीत आम्ही डिसेंबरात सर्वेक्षण केलं होतं. गरोदर बायका किती आणि त्यांतल्या किती जणींना पांडुरोग, म्हणजे अंगात रक्त कमी, हे मोजायचं होतं. फॉर्मवर एकामागून एक घरापुढे "कुलूप" लिहिलं जात होतं. घरात भेटल्या त्या म्हाताऱ्या, शेत असलेल्या घरच्या सुना, नोकरदारांच्या बायका. आकडा बरा आला. आम्ही तो तसाच पुढे पाठवायला निघालो होतो. तेव्हा तिथल्या आशाताईंनी फॉर्म उलटवून विचारलं, "ताई, ज्यांना चक्कर येते त्या तर फडावर हायेत. त्या कुठं मोजल्या?"

आम्ही एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. तेव्हापासून माझ्या कामात "कुलूप" हा वेगळा रकाना असतो आणि किती घरं बंद होती हे आकड्याच्या शेजारी लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. जी माणसं मोजायची राहतात, त्यांचे हाल मोजलेल्यांपेक्षा बहुतेक वेळा जास्त असतात.

एकादशीच्या फराळातून विषबाधा झाली. दोष भगरीचा की आमटीचा, हे आकड्यांनी कसं कळेल?

हे उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात घेते. उपवासाच्या दिवसांत अशा विषबाधा आपल्या भागात अनेकदा होतात आणि दोष कोणाचा यावरून गावात भांडणं लागतात. आकडे समजण्यापुरते धरू.

समजा, सप्ताहात २०० जणांनी फराळ केला. त्यांतल्या ८० जणांना उलट्या-चक्कर सुरू झाली. आजारी लोकांना विचारलं तर ६८ जण म्हणाले, "आमटी खाल्ली होती." लगेच सगळे आमटीवर घसरतात. थांबा. बरे राहिलेल्या १२० जणांनाही विचारा.

आमटी खाणारे एकूण १३० निघाले. त्यांतले ६८ आजारी, म्हणजे १०० मागे ५२. आमटी न खाणारे ७०, त्यांतले १२ आजारी, १०० मागे १७. अजूनही आमटीच दोषी दिसते. आता भगर बघा. भगर खाणारे १२०, आजारी ७२, १०० मागे ६०. न खाणारे ८०, आजारी ८, १०० मागे १०. दोन्ही पदार्थ संशयित झाले.

पण आपल्याकडे भगर नुसती कोण खातं? भगरीवर शेंगदाण्याची आमटी असतेच. त्यामुळे आमटी खाणाऱ्या १३० जणांतले ११० भगरही खाणारे होते. म्हणून दोघींना वेगळं करायचं. ज्यांनी भगरीला हात लावला नाही, साबुदाण्यावरच आमटी घेतली, असे २० जण शोधले. त्यांतले २ आजारी, म्हणजे १०० मागे १०. ज्यांनी भगरही नाही आणि आमटीही नाही, ते ६०, त्यांतले ६ आजारी, तेही १०० मागे १०. भगर नसताना आमटीने काहीच फरक पडला नाही. उलट्या बाजूने बघा: भगर आणि आमटी दोन्ही खाल्लेले ११०, आजारी ६६. नुसती भगर खाल्लेले १०, आजारी ६. दोन्हीकडे १०० मागे ६०.

आमटी सुटली. ती भगरीच्या संगतीने बदनाम झाली होती. संख्याशास्त्रात या गोष्टीला जड नाव आहे, पण संगतीचा दोष म्हटलं की आमच्या आशाताईंना लगेच कळतं. तंबाखू खाणारे चहाही जास्त पीत असतील, तर तोंडाच्या कर्करोगात चहाचंही नाव येईल. प्रत्येक वेळी विचारायचं: हा पदार्थ, ही सवय, हे औषध कोणाच्या संगतीत आलं होतं? भगरीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचाच, पण कोणता डबा सील करायचा हे या तक्त्यावरून तासाभरात ठरतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका अभ्यासाचं नाव जगभर घेतात म्हणे. तो कोणता?

जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबर १९९९ मध्ये तिथे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या.

प्रश्न साधा होता. हा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. मग कोणत्या तपासणीने तो वेळेत सापडून जीव वाचेल? तीन तपासण्या होत्या: विषाणूची चाचणी, पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघणं, आणि व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून पांढरा डाग दिसतो का ते डोळ्यांनी बघणं. गावांचे ५२ समूह केले आणि कोणत्या समूहाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, कोणाच्याही मर्जीशिवाय ठरवलं. तीन गटांना एकेक तपासणी मिळाली. चौथा गट तुलनेचा होता.

चिठ्ठ्या कशाला? बायकांना हवी ती तपासणी निवडू दिली असती तर शिकलेल्या, पैसेवाल्या, रस्त्यालगतच्या गावांतल्या बायका एकीकडे आणि तांड्यावरच्या दुसरीकडे गेल्या असत्या. मग पुन्हा तीच संगत. चिठ्ठीला जात, शिक्षण, शेती काही कळत नाही. म्हणून शेवटी गटांत जो फरक दिसतो तो तपासणीचा मानता येतो.

आठ वर्षं पाठपुरावा करून २००९ साली निकाल छापून आला. विषाणू चाचणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांतल्या ३४ या कर्करोगाने गेल्या. तुलनेच्या गटात ३१,४८८ होत्या, त्यांतल्या ६४ गेल्या. हजारी एक आणि हजारी दोन. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले. उरलेल्या दोन तपासण्यांच्या गटांत मृत्यू थोडे कमी होते, पण तेवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, इतपतच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणू चाचणीला पहिली पसंती दिली, तेव्हा आधारांमध्ये याच जिल्ह्यातल्या बायकांनी दिलेला हा पुरावा होता. आपल्या भागातल्या फार थोड्या लोकांना हे माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक मात्र सांगायला हवं. एका अभ्यासावर निकाल लागत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा असाच अभ्यास टाटा मेमोरियलने केला. तिथे आम्ल लावून बघण्याची साधी तपासणी प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकदाच तपासणं आणि पुन्हा पुन्हा तपासणं यांत फरक पडतो.

मग तुलनेच्या गटातल्या त्या ६४ बायकांचं काय?

हा प्रश्न मला पहिल्यांदा एका महिला बचत गटाच्या बैठकीत विचारला गेला आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. तुलनेच्या गटातल्या बायकांना आजाराची माहिती दिली गेली, तपासणी कुठे मिळते हे सांगितलं गेलं. पण तपासणी दारात आली नाही. संशोधकांचं म्हणणं होतं की त्या काळी जिल्ह्यात कोणालाच तपासणी मिळत नव्हती, म्हणून त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही. टीकाकार म्हणाले, तपासणीने जीव वाचतात हे जगात आधीच माहीत होतं, मग कोणालाही वंचित का ठेवलं? यावर जगभर वाद झाला.

माझं मत सांगते. कोणती तपासणी चांगली हे खरोखर माहीत नव्हतं, त्यामुळे तीन गटांची आपसांत तुलना योग्यच होती. चौथा गट आज कोणी मांडला तर मी त्यावर सही करणार नाही. पण त्या ६४ जणींमुळेच आपल्याला कळलं की फरक किती पडतो, आणि म्हणून आज कोणत्याही जिल्ह्यात "आमच्याकडे तपासणीची सोय नाही" हे उत्तर चालता कामा नये. हे देणं अजून फिटलेलं नाही.

एका अभ्यासाला सव्वा लाखाच्या वर माणसं लागतात आणि दुसऱ्याला सत्तर पुरतात, असं कसं?

सत्तरचा अभ्यासही आपल्याच माणसाचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांनी महाडला विंचूदंशावर आयुष्यभर काम केलं. २०११ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. गंभीर विंचूदंशाचे ७० रुग्ण, ३५ आणि ३५ असे दोन गट. एका गटाला प्राझोसिन हे औषध, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२.

८ आणि ३२ हा फरक डोळ्यांना दिसतो. योगायोगाने एवढी दरी पडणं जवळजवळ अशक्य. शिवाय इथे प्रत्येक रुग्णाचा निकाल दुसऱ्या दिवसापर्यंत लागतो. कर्करोगात मात्र हजार बायकांमागे आठ वर्षांत एक-दोन मृत्यू. तिथे ७० बायका घेतल्या असत्या तर दोन्ही गटांत शून्य मृत्यू झाले असते आणि तपासणी निरुपयोगी ठरली असती. घटना जितकी दुर्मीळ आणि फरक जितका बारीक, तितकी माणसं जास्त.

"मृत्यू निम्म्यावर आले" आणि "हजारी एकाने कमी झाले", यांतलं खरं कोणतं?

दोन्ही खरं. पण जाहिरातीत पहिलं वाक्य येतं आणि निर्णय घ्यायला दुसरं लागतं. कोणी "पन्नास टक्के फायदा" म्हणालं की विचारा: कितींचे किती झाले? दोन लाखांत दोनाचा एक झाला, तरी तो पन्नास टक्केच.

बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण आकड्यांतून कसं वाचायचं?

२०१९ मध्ये शासनाने समिती नेमली आणि बीड जिल्ह्यात सर्वेक्षण झालं. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे १०० मागे जवळपास १७. देशपातळीवरच्या आधीच्या कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात हेच प्रमाण १०० मागे ३ च्या आसपास होतं.

इथे मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. राष्ट्रीय आकडा १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायकांचा आहे, त्यांत सतरा-अठरा वर्षांच्या पोरीही आल्या. ऊसतोड बायकांच्या यादीत वयं वेगळी असणार. म्हणून "१७ विरुद्ध ३" हे काटेकोर माप नाही. तिशीतल्या तिशीतल्यांशी, चाळिशीतल्या चाळिशीतल्यांशी तोलायला हव्यात. पण वयाचा फरक काढला तरी एवढी मोठी दरी बुजेल, असं मला वाटत नाही.

दुसरं म्हणजे, "किती" हे आकड्याने सांगितलं, "का" हे सांगितलं नाही. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की कापली जाणारी मजुरी, फडावर संडास-मोरी नाही, अंगावरून पांढरं जाणं महिनोन्महिने सोसणं, कर्करोगाची घातलेली भीती, बाळंतपणं आटोपली की "आता पिशवी कशाला" असं सहज म्हणणं, यांत कोणाचा किती वाटा, हे कळायला त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, पण तोडीला न जाणाऱ्या बायकाही विचारात घ्याव्या लागतील. तोवर एका कारणावर बोट ठेवून मोकळं होऊ नये.

याच जिल्ह्याचा आणखी एक आकडा विसरण्यासारखा नाही. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ८९४ होत्या, २०११ मध्ये ८०७. निसर्गतः हे प्रमाण साडेनऊशेच्या आसपास असतं. एखाद्या घरात चार मुलगेच झाले तर तो योगायोग. लाखो लेकरांच्या जिल्ह्यात ८०७ हा योगायोग असूच शकत नाही.

आमच्या गावाचा बालमृत्यू दर यंदा दुप्पट झाला. सरपंचांना नोटीस द्यायची का?

नाही. २,००० वस्तीच्या गावात वर्षाला तीसेक बाळं जन्मतात. एक बाळ दगावलं तर दर हजारी तीसच्या वर जातो, दोन दगावली तर साठच्या वर, एकही नाही तर शून्य. २०२० मध्ये राज्याचा दर हजारी १६ होता. तुमच्या गावात १६ हा आकडा येऊच शकत नाही, तो एक तर शून्य असेल नाहीतर तीसच्या पुढे. म्हणून गावागावांची दरांवरून क्रमवारी लावणं अन्यायाचं आहे. गावात प्रत्येक मृत्यू एकेक करून समजून घ्यायचा. दर तालुक्याचा, जिल्ह्याचा, तोही तीन-चार वर्षं एकत्र करून काढायचा.

जगभर कशाने किती माणसं मरतात हे सांगतात. आमच्याकडे तर दाखल्यावर "वृद्धापकाळाने" एवढंच असतं. मग हे आकडे येतात कुठून?

२०२० मध्ये देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंचंच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. उरलेल्यांसाठी दुसरी वाट काढावी लागते. नमुना म्हणून निवडलेल्या गावांत प्रशिक्षित माणूस घरी जातो आणि घरच्यांना विचारतो: ताप किती दिवस होता? दम लागायचा का? पायाला सूज होती? मग दोन डॉक्टर एकमेकांचं न बघता ती हकिगत वाचून कारण ठरवतात.

या पद्धतीने काय निघालं बघा. सर्पदंशाचे मृत्यू दवाखान्याच्या नोंदींत थोडेच दिसायचे, कारण माणूस शेतात, वाटेत किंवा मांत्रिकाकडे जातो आणि तिथेच संपतो. घरोघर विचारल्यावर २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसं सापाने गेल्याचा अंदाज निघाला, वर्षाला सरासरी ५८,०००. जगातली फार मोठी हानी आपल्या शेतांच्या बांधांवर होत होती. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलं.

कोविडमध्येही हीच अडचण आली. चाचणी न होता गेलेले कसे मोजायचे? तेव्हा नेहमीच्या वर्षी जेवढे मृत्यू होतात त्याहून जास्त किती झाले, असा हिशोब केला. २०२० आणि २०२१ मिळून भारतात असे ४७ लाख जादा मृत्यू, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आला. सरकारी नोंद पावणेपाच-पाच लाखांच्या घरात होती. केंद्र सरकारने या हिशोबाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. अंदाजावर वाद होणारच, पण प्रत्येक गावात मृत्यूची नोंद वेळेवर झाली असती तर अंदाजाची गरजच कमी पडली असती.

जपानमध्ये हजारी मृत्यू आपल्यापेक्षा जास्त आहेत, हे खरं का?

खरं आहे. तिथे हजारी १२ च्या वर, आपल्याकडे हजारी ६-७. तरी तिथला माणूस सरासरी ८४ वर्षं जगतो, आपल्याकडचा सत्तरीच्या आसपास. तिथे म्हातारी माणसं जास्त आहेत, एवढंच. म्हणून देशादेशांची तुलना करताना वयाचा फरक काढून टाकून दर काढतात.

आमच्या घरी तर कोणी विचारायला आलं नाही. मग राष्ट्रीय सर्वेक्षण आमचं कसं?

२०१९-२१ च्या कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात देशातली ६ लाख ३६ हजारांवर घरं होती, कोट्यवधी घरं राहिली. आमटीचं पातेलं मोठं असो की लहान, चव बघायला एक पळीच लागते. अट एकच, आमटी तळापासून ढवळलेली हवी. वरवरची तर्री घेतली तर चव चुकते. घरं चिठ्ठीने निवडणं म्हणजे ढवळणं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला फॉर्म लाखाने भरला तरी ती तर्रीच.

शिबिरात चाचणी पॉझिटिव्ह आली. म्हणजे आजार आहेच ना?

असेलच असं नाही. समजा, हजार जणांत खरे आजारी १० आहेत आणि चाचणी शंभरात नव्वद वेळा बरोबर सांगते. १० पैकी ९ सापडतील. पण निरोगी ९९० पैकी ९९ जणांनाही ती चुकून पॉझिटिव्ह म्हणेल. एकूण १०८ पॉझिटिव्ह, त्यांतले खरे आजारी ९. बारातला एक. म्हणून पक्क्या तपासणीशिवाय घाबरायचं नाही आणि पक्की तपासणी टाळायचीही नाही.

पूर्वी कर्करोग नव्हता, आता वाढला. बरोबर?

काही प्रमाणात. माणसं जास्त जगू लागली आणि निदान होऊ लागलं, हेही त्यात आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शीबरोबर परांडा आणि भूम तालुक्यांतली गावं तिच्यात येतात. तिची माणसं दवाखान्यात बसून राहिली नाहीत. गावोगाव बैठका घेतल्या, लक्षणं सांगितली, रुग्ण शोधले. अशी शोधाशोध सुरू झाली की पहिली काही वर्षं आकडा चढतो. तो रोग वाढल्याचा नसतो, लपलेला रोग दिसू लागल्याचा असतो.

रजिस्टरमध्ये काही नसलं तर रकाना कोरा ठेवला तर चालतं का?

नाही. शून्य म्हणजे मी बघितलं आणि काही नव्हतं. कोरा म्हणजे बघितलंच नाही. संगणकात दोन्ही एकत्र झाले की न तपासलेली विहीर स्वच्छ ठरते. पाण्यात क्लोरीन आहे का हे बघायच्या ओटी टेस्टमध्ये थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं नाही, म्हणजे पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर पडलेली नाही, तर तसंच लिहा. टेस्ट केलीच नसेल तर "केली नाही" लिहा. खरं लिहिल्याबद्दल कोणी रागावलं तर मला त्याच्याशी बोलायला आवडेल.

बाळ जन्मलं आणि थोड्याच वेळात गेलं. ते "मृत जन्म" म्हणून लिहायचं ना?

हा प्रश्न हळू आवाजात, बैठक संपल्यावर विचारला जातो. आईला विचारणं जड जातं. वरून "मृत्यू कमी दाखवा" असा दबाव असतो, आणि मृत जन्म लिहिला की बालमृत्यूच्या आकड्यात ते बाळ येत नाही.

सुइणीला किंवा सिस्टरला शांतपणे विचारा. एकदा तरी श्वास घेतला का? रडलं का, बारीकसं का होईना? हात-पाय हलवला का? नाळेत ठोका लागत होता का? यांतलं एकही "हो" असेल तर ते बाळ जिवंत जन्मलं होतं. त्याची जन्माची नोंद करायची आणि मृत्यूचीही, दोन्ही २१ दिवसांच्या आत. किती तास जगलं तेही लिहायचं. नाव ठेवलेलं नसेल तर "अमकीचं बाळ, मुलगी" एवढं पुरतं.